नख बसेल असा कोपरा

तुटलेलं लोखंड मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते आईच्या शिव्या खात. आमच्याकडं दुधाच्या पातेल्यावर झाकण आणि मांजरानं ते पाडू नये म्हणून झाकणावर शाफ्टचा एक मोडका तुकडा ठेवलेला असे. एका सकाळी मी तो उचलून खिडकीशी उजेडात नेला, त्याच्या तुटलेल्या तोंडाकडं बघत राहिले आणि तेवढ्यात मांजरानं आपलं काम उरकलं. "लोखंडात काय मेलं बघायचं असतं? आरसा हाय व्हय त्यो?" आई ओरडली. आरसा नव्हता, पण माझी नजर हलत नव्हती. एकाच तोंडावर दोन रंग होते. बराचसा भाग गुळगुळीत आणि काळपट होता, त्यावर पंचगंगेचं पाणी ओसरताना काठाच्या चिखलावर उमटतात तशा बारीक वळणदार रेघा होत्या. आणि एका कडेला थोडासा भाग लख्ख करडा, फोडलेल्या गुळासारखा रवाळ. तुटायला एक क्षण लागतो असं मी समजत होते. मग एका क्षणात दोन रंग आले कुठून? हे मी आईला विचारलं तेव्हा तिनं मला दूध आणायला पिटाळलं.

आमचं घर म्हणजे पुढं कारखाना आणि मागं तीन खोल्या. कारखाना हा शब्द मोठा वाटतो, पण दोन लेथ, एक भोकं पाडायचं यंत्र, ओतकामाची छोटी भट्टी आणि सगळ्यांना फिरवणारं एक ऑईल इंजिन एवढंच होतं. अण्णा, माझे वडील, आधी शाळेत शास्त्र शिकवायचे. ती नोकरी सोडून त्यांनी हा व्याप मांडला तेव्हा नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं, आणि त्यात फार काही चूक होतं असं मला आजही वाटत नाही. इंजिन सुरू झालं की टुक टुक आवाजाबरोबर आमच्या फडताळातल्या पितळी वाट्या एकमेकींवर थरथरायच्या. आई त्या आवाजावरून स्वयंपाकाचा वेळ ठरवायची. लेथवरचा आवाज घोगरा असेल तोवर भाजी चिरायची, तो बारीक शिट्टीसारखा झाला की शेवटचा हात चालू आहे असं समजून तवा चढवायचा, कारण पाच-दहा मिनिटांत लेथ चालवणारे येसबा मिस्त्री हात धुवायला मागच्या दारी येणार. मिस्त्री जेवायला आमच्याकडंच असत. ज्वारीची भाकरी, लसणाचा खर्डा, दही आणि हंगामात गुऱ्हाळावरून आलेली काकवी. भाकरी काकवीत बुडवून खाताना ते डोळे मिटत. एरवी हा माणूस डोळे मिटून काहीच करत नसे.

आम्ही उसाचे चरक करत होतो. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, चरकात तीन जाडजूड लोखंडी लाटा असतात, म्हणजे रूळच. त्यांच्या फटीत उसाची मोळी लावायची, त्याला घास म्हणतात, रस खाली पडतो आणि चिपाडं पलीकडं जातात. प्रत्येक लाटेतून आरपार एक शाफ्ट जातो. लाटेच्या आत त्याचं पोट जाड असतं, लाटेबाहेर बेअरिंगमध्ये बसायला मान बारीक असते आणि मानेच्या पुढं दातेरी चाक. जाड पोट संपून बारीक मान सुरू होते तिथं एक पायरी पडते आणि पायरीच्या बुडाशी कोपरा. हा कोपरा येसबा मिस्त्रींचा अभिमान होता. ते तो असा काटकोनात काढत की गुण्या लावला तर मधून उजेड दिसू नये. पंचक्रोशीतल्या गुऱ्हाळवाल्यांना चरक घ्यायची एक रीतच पडली होती. बाकी काही बघायचं नाही, वाकून त्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख फिरवायचं. नख गच्च बसलं तर काम चोख. दुसऱ्यांच्या कारखान्यात नख घसरायचं. आमच्याकडं बसायचं. "येसबाचा कोपरा हाय ह्यो," असं गिऱ्हाईकच एकमेकांना सांगत, आणि मिस्त्री अशा वेळी मुद्दाम दुसरीकडं बघत बिडी शिलगावत.

आता म्हादबाचं सांगितलं पाहिजे. येसबा मिस्त्रींची थोरली बहीण हौसाक्का जयसिंगपूरच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली होती आणि म्हादबा तिचा नवरा. मिस्त्रींनीच आपल्या दाजींना एका गुऱ्हाळावर घास लावायचं काम मिळवून दिलं होतं. चरक अर्थातच आमचा. मी पुढं ज्या हंगामाचं सांगणार आहे त्याच्या दोन वर्षं आधी तिथं वरच्या लाटेचा शाफ्ट मानेवर तुटला, दातेरी चाक टोकासकट निखळून बाहेर आलं आणि म्हादबाच्या उजव्या हातावर पडलं. हात मनगटापासून काढावा लागला. गुऱ्हाळाच्या मालकाचं म्हणणं पडलं की म्हादबानं घास मोठा लावला, उरक दाखवायला म्हणून दोन मोळ्या एकदम कोंबल्या, म्हणून शाफ्टवर भार आला. म्हादबा म्हणत होता घास नेहमीएवढाच होता. मालकानं मिस्त्रींना विचारलं. मिस्त्रींनी तुटलेला शाफ्ट बघितला, कोपऱ्यात नख फिरवलं, नख गच्च बसलं. "कामात खोट न्हाय," ते म्हणाले. "घासच मोठा लागला असंल." झालं. सख्ख्या मेहुण्यानं साक्ष दिल्यावर बोलायला कोण उरतं? म्हादबाचं काम गेलं आणि गावात नावही गेलं. त्या दिवसापासून हौसाक्कानं भावाला तोंड दाखवलं नाही. भाऊबीजेला मिस्त्री आमच्या ओसरीवर बसून राहत, आईनं ओवाळलं तर ताटात पैसे टाकत, पण गोडाला हात लावत नसत.

तो तुटका शाफ्ट अण्णांनी भंगारात दिला नव्हता. कपाटावर ठेवला होता. का ठेवला विचारलं तर म्हणाले, "टाकवत नाही." मला अण्णांचा हा स्वभाव फार आवडे आणि आईला अजिबात आवडत नसे.

आणि दोन वर्षांनी, त्या हंगामात, आणखी दोन शाफ्ट तुटले. सुदैवानं कुणाला लागलं नाही. दोन्ही मानेवरच, दोन्ही कोपऱ्यातच. गुऱ्हाळवाले यायचे, इंजिनाच्या वरताण आवाजात भांडायचे आणि शेवटी एकच मागणी करायचे. "मास्तर, जाड करा की जरा! लोखंडाला कशाला कंजूषपणा?" आमच्या कोल्हापुराला जाड या गोष्टीवर फार श्रद्धा. पैलवान जाड, चपलेचा तळ जाड, उसाचं कांडं जाड. मग अण्णा शाफ्टचं पोट आणखी जाड करायचे. मान मात्र तेवढीच ठेवावी लागे, कारण बेअरिंगचे साचे ठरलेले होते आणि जुन्या चरकांना तेच लागत. पोट वाढलं, मान तीच राहिली. पायरी आणखी उंच झाली, आणि तिच्या बुडाशी मिस्त्रींचा तो नख बसेल असा कोपरा. असला नवा जाड शाफ्ट जुन्यापेक्षा महिनाभर आधीच तुटला तेव्हा अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मी तेव्हा कॉलेजात इंटरला होते. वर्गात आम्ही चौघी मुली, पहिल्या बाकावर बसवलेल्या, सर्वांना दिसू अशा. अण्णांनी जुन्या बाजारातून एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं, कव्हर नाही, पहिली वीस पानंही नाहीत, पण विषय पदार्थांच्या बळाचा. ते मी आधाशासारखी वाचत होते. त्यातली पहिली गोष्ट इतकी सोपी होती की मला हसू आलं. कांबीला ओढलं तर नुसतं ओझं किती हे विचारायचं नाही, ते किती जागेवर वाटलं गेलं हे विचारायचं. ओझं भागिले क्षेत्रफळ, म्हणजे ताण. दहा माणसांचं जेवण दोघींनी रांधलं तर दोघी दमतात, पाचजणींनी रांधलं तर गप्पा मारत होतं. पुढची गोष्ट वाकण्याची. ती अण्णांनी जेवताना काकडी वाकवून दाखवली. वरची बाजू ताणली जाऊन तिथं तडा गेला, खालची दाबली गेली. "खायची नसंल तर ठेवा खाली," आई म्हणाली. अण्णांनी काकडी ठेवली आणि म्हणाले, "आणि शाफ्ट तर फिरतो, कुमे. आत्ता वर असलेली बाजू अर्ध्या फेऱ्यानं खाली. ताण, दाब, ताण, दाब. तार मागंपुढं वाकवून तोडतो आपण, तसंच."

माझं डोकं इथंच अडकलं. जाड केलं की क्षेत्रफळ वाढतं, ताण कमी होतो. मग जाड शाफ्ट लवकर का तुटला? मान बारीक आहे म्हणावं तर मान मधोमध तुटायला हवी, कोपऱ्यातच का? पुस्तकात उत्तर असेलही, पण ते बहुधा नसलेल्या वीस पानांत असावं असं मी रागानं म्हणत असे. पुढं पस्तीस वर्षं मी पॉलिटेक्निकमध्ये हाच विषय शिकवला, तेव्हा कळलं की ते पहिल्या पानांत नसतं, फार मागं असतं, आणि बरेचसे विद्यार्थी तिथवर पोचण्याआधी परीक्षा संपते.

उत्तर मला मिळालं ते चपलेच्या दुकानात. माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी केरबांकडं गेले होते. केरबा म्हातारे होते, आईच्या लग्नातल्या चपला त्यांनीच केल्या होत्या. ते नवीन पट्टा आत सरकवायला तळाच्या कातड्याला एक चीर पाडत होते. चीर पाडण्याआधी त्यांनी तिच्या दोन्ही टोकांना आरीनं एकेक बारीक गोल भोक पाडलं.

"हे कशाला?" मी विचारलं. मला असले प्रश्न विचारायची खोडच होती.

"भोक न्हाय पाडलं तर चीर पळतीया की."

"पळते म्हणजे?"

"म्हंजे फाटत जाती. चालताना कातडं वाकतंय न्हवं सारखं? चिरंचं टोक असतंय अणकुचीदार. सगळा जोर त्या टोकाला गोळा व्हतो. टोक पुढं पुढं सरकतं." त्यांनी आरीचं टोक माझ्यापुढं धरलं. "गोल केलं की तिला वाट गावत न्हाय. जोर पांगतो."

मी एका पायात चप्पल घालून घरी आले. खरंच आले, दुसरी केरबांकडंच राहिली. जोर गोळा होतो आणि जोर पांगतो. ओझं सगळ्या जागेवर सारखं वाटलं जातं असं मी धरून चालले होते. ते वाटलं जात नव्हतं. कोपऱ्यात ते गोळा होत होतं, आणि कोपरा जितका धारदार तितकं जास्त. आमच्या कारखान्याला ज्या कोपऱ्यानं नाव दिलं तिथूनच चीर पळत होती.

अण्णांना सांगितलं तर ते बराच वेळ कपाटावरच्या तुकड्याकडं बघत राहिले. "येसबाला कोण सांगणार?" एवढंच म्हणाले. मला त्यात अवघड काय ते कळेना. सतरा-अठराव्या वर्षी माणूस खरं बोलायला फार उतावीळ असतो, कारण त्या खऱ्याची किंमत त्याला द्यायची नसते. दुपारी मिस्त्री जेवायला बसले आणि मी भाकरी वाढता वाढता सगळं सांगून टाकलं. केरबांसकट.

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. "चपलेवरनं चरक शिकवताय व्हय ताईसाब?" ते हसले, पण डोळे हसत नव्हते. "वीस वरसं झाली लेथवर उभा हाय. कोपरा गोल म्हंजे अर्धवट काम. शिकाऊ पोरगंबी गोल काढतंय, हत्यार बोथट आसलं की आपोआप गोल येतोय. आन् गोल ठेवला तर बुश बसायचा कुठं? तिथं अडकंल की त्यो."

बुश म्हणजे मानेवर चढणारं बेअरिंगचं कडं, त्याचं मला सुचलंच नव्हतं. अण्णा म्हणाले, "बुशाची कडही थोडी गोल मारली तर?" मिस्त्री उठले. हात धुऊन आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "मास्तर, वादाचं काम न्हाय. करून बघू. दोन कांबी करतो, येका लोखंडाच्या. येकीला माजा कोपरा, येकीला ताईसाबांचा. दोन्ही म्या करनार. म्या कशात लबाडी केली न्हाय हे पोरीला दिसलं पायजे." मग थोडं थांबून, "माजी आधी तुटली तर म्या म्हणंन माजं चुकलं. पर न्हाय तुटली तर कोपऱ्याचं नाव परत काढायचं न्हाय."

मला खेळ मांडल्यासारखा आनंद झाला होता. त्या कोपऱ्यावर म्हादबाच्या हाताची साक्ष टांगलेली आहे हे मिस्त्रींना त्याच क्षणी कळलं असणार. मला कळलं नव्हतं.

सोमवारी कारखान्याला सुट्टी असे. त्या सोमवारी सकाळी इंजिन सुरू झालं आणि वाट्या थरथरल्या तशी आई म्हणाली, "सुट्टीच्या दिशी काय काढलंय ह्यांनी?" मिस्त्रींनी आदल्या दिवशीच दोन कांबी करून ठेवल्या होत्या, अंगठ्याएवढं पोट आणि करंगळीएवढी मान. गोल कोपऱ्यासाठी त्यांना लेथच्या हत्याराचं नाक मुद्दाम गोल घासावं लागलं होतं. मी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. दोन्हींवर सारखीच लकाकी होती, ज्या कांबीमुळं ते हरणार होते तीही त्यांनी जीव लावून केली होती. माझ्या पुढच्या साऱ्या आयुष्यात मी इतकी सरळ परीक्षा पाहिलेली नाही. अण्णांनी योजना केली ती अशी. कांबीचं पोट लेथच्या जबड्यात धरायचं, मोकळ्या मानेच्या टोकाला एक जुनं बेअरिंग चढवायचं आणि त्याला वाळूनं भरलेली पत्र्याची बादली टांगायची. बादली लोंबकळत राहील, कांब फिरत राहील. ताण, दाब, ताण, दाब.

पहिली मिस्त्रींची कांब लावली. मी बादलीसमोर बसले. बघायला काहीच नव्हतं, कांब फिरते आहे आणि बादली किंचित थरथरते आहे एवढंच. मागं भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता आणि मी त्या मोजत होते. सातव्या भाकरीला बादली धप्पकन खाली ठेवलेल्या पोत्यावर पडली. ना तडकल्याचा आवाज, ना आधी काही सूचना. कांब कोपऱ्यात तुटली होती.

मग तीच बादली, तीच वाळू आणि गोल कोपऱ्याची कांब. भाकऱ्या संपल्या. अण्णा जेवून आले, मी जेवून आले. मिस्त्री जेवायला आले नाहीत. आईनं दोनदा हाक मारली. ते लेथवर हात ठेवून उभे होते आणि त्या फिरणाऱ्या कांबीकडं असे बघत होते की ती तुटावी म्हणून मनातल्या मनात तिला विनवत असावेत. उन्हं कलली, आईनं चहा टाकला, कांब फिरतच होती. शेवटी मिस्त्रींनी स्वतःच पुढं होऊन लेथचा पट्टा काढला. "बास," ते म्हणाले.

आणि मी टाळ्या वाजवल्या. हे लिहिताना आजही मान खाली जाते, पण मी वाजवल्या, उड्या मारत वाजवल्या. मग माझं लक्ष मिस्त्रींकडं गेलं.

त्यांनी आपली तुटलेली कांब उचलली होती आणि तिचं तोंड बघत होते. करंगळीएवढ्या त्या तोंडावरही दोन भाग होते, एक गुळगुळीत, एक रवाळ. ते कपाटापाशी गेले, म्हादबाच्या चरकाचा तो शाफ्ट काढला आणि दोन्ही तोंडं शेजारीशेजारी धरली. "मास्तर," ते म्हणाले, "ह्यो गुळगुळीत भाग आधीच तुटलेला आसतोय. व्हय न्हवं?"

उत्तर मी दिलं, कारण ते मला त्याच क्षणी सुचलं होतं आणि सुचलेलं पोटात ठेवणं मला कधी जमलं नाही. "हो. चीर रोज थोडी थोडी आत जाते, आणि तिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासून गुळगुळीत होतात. ह्या शाफ्टचा तो भाग काळा आहे बघा, तेल मुरलंय त्यात. एका दिवसात एवढं तेल मुरत नाही. महिनाभर तरी चीर होती आत. त्या दिवशी फक्त हा करडा एवढाच शिल्लक होता." मी बोट ठेवून दाखवलं. माझ्या अंगठ्यानं तो सगळा झाकला जात होता.

मिस्त्री खाली बसले, लोखंडाच्या किसात, पाय पसरून. "मग दाजीचा घास मोठा न्हवता," ते म्हणाले. आई चहा घेऊन आली होती, ती कपबशी हातात धरून दारातच उभी राहिली. मला पहिल्यांदा भीती वाटली. खरं शोधून काढलं की सगळ्यांना बरं वाटतं अशी माझी समजूत होती, आणि माझ्या समोर पन्नाशीचा एक माणूस त्या खऱ्यानं मोडून बसला होता.

बऱ्याच वेळानं ते उठले. "उद्या जातो बहिणीकडं," ते म्हणाले. "ताईसाब, तुमी चला संगं. मला त्ये दोन रंगांचं नीट सांगता याचं न्हाय." आईनं नेहमीसारखं तरण्या पोरीचं काय काम म्हणून सुरू केलं, पण मिस्त्रींच्या चेहऱ्याकडं बघून ती थांबली आणि सकाळी आम्हा दोघांची शिदोरी बांधून दिली.

आम्ही आगगाडीनं जयसिंगपूरला उतरलो आणि पुढं चालत गेलो. दोन्ही बाजूंना ऊस होता, कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं आणि गरम रसाचा वास रस्ताभर आमच्याबरोबर होता. मिस्त्रींच्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत तो शाफ्टचा तुकडा. वाटेत ते एकदाच बोलले. "म्या नख फिरवलं ताईसाब. त्याचा हात गेलता आन् म्या नख फिरवून बघत हुतो."

हौसाक्का अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. भावाला बघून ती उठली नाही. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "कुनाची गं तू?" मी सांगितल्यावर आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, तो माझ्या हातात दिला आणि भावासाठी दुसरा जमिनीवर ठेवला. म्हादबा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. उजव्या बाहीची गाठ मारलेली. तो मात्र हसला आणि म्हणाला, "या पावणं. वाट चुकलासा काय?"

मिस्त्री बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "दाजी, तुमचा हात माज्या कोपऱ्यानं गेला. घासानं न्हाय. म्या तुमच्यावर खोटं घातलं." एवढं बोलून त्यांनी पिशवीतला तुकडा काढून म्हादबासमोर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

मी सांगितलं. पहिल्यांदा घाबरत, पुस्तकातले शब्द वापरत. म्हादबानं मला मधेच थांबवलं. "हळू सांग पोरी. पयल्यापासनं सांग. मला समजून घ्यायचं हाय." तो पुढं सरकून बसला. मी परत सुरुवात केली. अंगणातली एक काडी घेऊन वाकवली, चपलेच्या चिरेचं सांगितलं, कोपऱ्यात जोर कसा गोळा होतो ते सांगितलं. तो मधे मधे प्रश्न विचारत होता आणि प्रश्न नेमके होते, माझ्या वर्गातल्या मुलांनी पुढं कधी विचारले नाहीत इतके नेमके. चीर बाहेरून दिसली असती का? आवाज आला असता का? इंजिन धीमं चालवलं असतं तर? मग त्यानं डाव्या हाताचं बोट त्या काळ्या भागावरून सावकाश फिरवलं, ते करड्या भागाशी येऊन थांबलं.

"म्हंजे त्या दिशी येवढंच उरलंतं?"

"एवढंच."

"आन् म्या घास लावलाच नसता तर?"

"तुमच्या जागी जो असता त्याच्यावर पडलं असतं. त्या दिवशी नाही तर दोन दिवसांनी."

त्यानं बोट तुकड्यावरून उचललं. मग खाली बघत म्हणाला, "दर गुरवारी आमी दोघं वाडीला दत्ताच्या पायावर जातोय. माफी मागाय. पयलं म्या म्हणायचा, देवा, तुला ठावं हाय घास ल्हान हुता. मग सगळं गाव म्हणाय लागलं, मेव्हणा म्हणाला, तसं मलाबी वाटाय लागलं की मोठाच असंल. आता वरीस झालं, म्या देवाला घास मोठा हुता असंच सांगतोय."

शेंगांचं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. हौसाक्का उठून ओसरीच्या पायरीशी आली होती. भावाकडं तिनं अजून बघितलं नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी तिला पुसायचंही भान नव्हतं. "झोपंत बडबडायचा गं ह्यो मानूस," ती म्हणाली. "सारखं हात पुढं करून दाखवायचा मला, येवढाच हुता, येवढाच हुता म्हणून. आन् म्याच म्हणायची, गप झोपा आता, झालं त्ये झालं."

म्हादबानं डावा हात उचलला आणि हवेत मोळीएवढा आकार धरला. एका हातानं तो नीट धरता येत नव्हता, म्हणून त्यानं दुसरी, बाहीची गाठ असलेली बाजूही पुढं केली आणि त्या दोन्हींमध्ये मापून धरला. मग बायकोकडं वळून तो म्हणाला, "ऐकलंस न्हवं? येवढाच हुता."